पहिली नोकरी : पुणे, बंगळुरू की नागपूर?

प्रश्न : मी नांदेडहून संगणक अभियांत्रिकीची पदवी घेतली आहे. कॅम्पसमधून निवड झाली नाही. नोकरीसाठी कोणत्या शहरात जावे?

उत्तर : शहर ठरवण्याआधी काम ठरवा. पुण्यात हिंजवडी, खराडी, मगरपट्टा इथे आयटी सेवा कंपन्या आहेतच. शिवाय वाहन उद्योगामुळे एम्बेडेड सॉफ्टवेअरलाही मागणी असते. सी भाषा, मायक्रोकंट्रोलर आणि गाडीतल्या यंत्रणांना जोडणारा कॅन प्रोटोकॉल येत असेल, तर पुणे तुमच्यासाठी उत्तम. बंगळुरूत स्टार्टअप आणि प्रॉडक्ट कंपन्या जास्त. पगार बरे, पण मुलाखतीत डेटा स्ट्रक्चर्स कसून विचारतात आणि घराचे डिपॉझिट अनेक महिन्यांच्या भाड्याइतके असते. नागपुरात मिहानमध्ये टीसीएस, इन्फोसिस, एचसीएल आहेत. तिथे खर्च कमी, मात्र नोकरी बदलायची झाली तर पर्यायही कमी.

जॉब पोर्टलवर शहर आणि ‘शून्य ते एक वर्ष अनुभव’ हे फिल्टर लावून प्रत्येक शहरातल्या वीस जाहिराती वाचा. वारंवार येणारी कौशल्ये वहीत उतरवा. जिथली यादी तुमच्या तयारीशी सर्वाधिक जुळते, ते तुमचे शहर. पगाराची तुलना करताना सीटीसी नव्हे, हातात येणारी रक्कम धरा आणि त्यातून भाडे, मेस, प्रवास वजा करा.

नोकरीसाठी कुणी पैसे मागितले तर देऊ नका. मूळ प्रमाणपत्रे कुणाकडेही ठेवू नका. कॅम्पस हुकले म्हणून खचू नका. तयारी पक्की करून अर्ज करत राहा.