प्रमेहचिकित्सेत सप्तरंगी : ओळख, कार्य व दक्षता

प्रमेहावरील द्रव्यांत वाग्भटांनी आवळा व हळद यांना अग्रस्थान दिले आहे. कोकणात मात्र मधुमेहाचा विषय निघाला की सप्तरंगीच्या मुळाचे नाव हमखास घेतले जाते. रत्नागिरीच्या रानांत मिळणाऱ्या या द्रव्याचा वैद्य व औषधविक्रेते या दोघांच्याही दृष्टीने येथे विचार करीत आहोत.

ओळख : सप्तरंगी या एकाच नावाने दोन भिन्न वनस्पतींची मुळे वापरात आहेत. सॅलेशिया चायनेन्सिस ही आधाराने चढणारी काष्ठमय वनस्पती होय. तिची पाने बहुधा समोरासमोर असतात व फळ पिकल्यावर लाल होते. कॅसिएरिया एस्क्युलेंटा हे झुडूप किंवा लहान झाड असून त्याची पाने एकाआड एक असतात. फळ पिकल्यावर तडकून उघडते. दोन्ही मुळे प्रमेहात योजली जातात, परंतु एकीच्या अभ्यासाचा आधार दुसरीस देता येत नाही. तुकडे वा चूर्ण झाल्यावर ही लक्षणे उरत नाहीत. म्हणून खरेदीच्या वेळी पाने-फळांसह नमुना मागवावा व बरणीवर शास्त्रीय नाव लिहावे.

कार्य : लहान आतड्यात पिष्टमय पदार्थांचे व साखरेचे विघटन करणाऱ्या अल्फा-ग्लुकोसिडेज या विकरास सॅलेशिया अवरोध करते. त्यामुळे जेवणानंतरची रक्तशर्करा सावकाश वाढते. सॅलेशिया रेटिक्युलाटा या जवळच्या जातीतून जपानी संशोधकांनी १९९७ मध्ये सॅलासिनॉल हे कार्यकारी द्रव्य वेगळे केल्याचे प्रसिद्ध केले. अकार्बोज हे आधुनिक औषधही याच मार्गाने कार्य करते. अर्थात हे द्रव्य साहाय्यक आहे. पथ्य, व्यायाम वा इन्सुलिन यांचा तो पर्याय नव्हे.

दक्षता : ग्लिमेपिराइडसारखी औषधे किंवा इन्सुलिन घेणाऱ्या रुग्णास सप्तरंगी दिल्यास रक्तशर्करा प्रमाणाबाहेर उतरू शकते. घाम, कंप, भोवळ ही लक्षणे रुग्णास आधीच समजावून सांगावीत. ती ७० मिलिग्रॅमच्या खाली गेल्यास शुद्धीवर असलेल्या रुग्णास ग्लुकोज द्यावे. विकर रोखलेले असल्याने खडीसाखर वा गूळ यांचा गुण उशिरा येतो. रुग्ण बेशुद्ध असल्यास तोंडावाटे काहीही न देता तत्काळ रुग्णालयात हलवावे. चालू औषधे परस्पर बंद करू नयेत. आध्मान व अतिसार यांकडे लक्ष ठेवावे. गर्भिणीस हे द्रव्य देऊ नये. दर तीन महिन्यांनी एचबीए१सी तपासून उपयोग होत आहे की नाही, हे ठरवावे.

शेवटी एक विनंती. औषध मुळाचे असल्याने प्रत्येक खरेदीमागे रानातील वनस्पती उपटली जाते. देवराईतील माल स्वीकारू नये. बागायतदारांना कुंपणाकडेने लागवड करण्यास प्रवृत्त करावे. आज आपण लावले नाही, तर उद्याच्या वैद्याच्या हाती केवळ नाव राहील.