अमेरिकेच्या इमिग्रेशन कोर्टात वकील करताना : फी किती, कागद कोणते, पैसा कुठे गळतो

अमेरिकेत राहणाऱ्या तुमच्या मुलाच्या, बहिणीच्या किंवा तुमच्या स्वतःच्या नावाने 'नोटीस टू अपिअर', म्हणजे इमिग्रेशन कोर्टात हजर राहण्याची नोटीस, आली असेल, तर एक गोष्ट आधी पक्की समजून घ्या. इमिग्रेशन कोर्टात सरकार तुम्हाला वकील देत नाही. वकील करण्याचा हक्क आहे, पण खर्च तुमचा. सरकारच्या बाजूने मात्र पगारी वकील उभा असतो. फेब्रुवारी २०२५ पासून अमेरिकी इमिग्रेशन खात्याचे धोरण असे आहे की, अर्ज नाकारला गेला आणि तेवढ्यात राहण्याची मुदतही संपलेली असली, तर ही नोटीस काढली जाते. त्यामुळे एच-१बी किंवा विद्यार्थी व्हिसावर गेलेल्यांच्या घरीही ती येऊ शकते.

नोटीस हातात आली की आधी पाकीट जपून ठेवा. त्यावरचा पोस्टाचा शिक्का पुढे पुरावा ठरू शकतो. मग कागद नीट वाचा. 'ए' अक्षरापुढे नऊ आकडे असतात, तो तुमचा ए-नंबर. खाली क्रमांक घालून आरोप लिहिलेले असतात : तुम्ही कोणत्या देशाचे, कधी आलात, कोणत्या व्हिसावर, मुदत कधी संपली. त्याखाली कायद्याचे कलम, आणि कोर्टाचा पत्ता, तारीख, वेळ. नावाचे स्पेलिंग किंवा प्रवेशाची तारीख चुकलेली दिसली तर त्यावर पेनाने खाडाखोड करू नका, सरकारी कार्यालयाला फोन करून दुरुस्तीही सुचवू नका. चूक फक्त वकिलाला दाखवा. कोणता आरोप मान्य करायचा आणि कोणता सरकारला सिद्ध करायला लावायचा, हा निर्णय पहिल्याच तारखेला होतो आणि अनेकदा त्यावरच प्रकरणाची दिशा ठरते.

तारीख बदलते, कधी अलीकडेही येते. १-८००-८९८-७१८० या कोर्टाच्या स्वयंचलित क्रमांकावर ए-नंबर टाकला की पुढची तारीख कळते. वेबसाइटवरही दिसते. दोन्ही फुकट. आठवड्यातून एकदा बघाच. घर बदलले तर पाच कामकाजाच्या दिवसांत ईओआयआर-३३ हा फॉर्म भरून कोर्टाला कळवा आणि एक प्रत सरकारी वकिलाच्या कार्यालयाला द्या. यालाही पैसे पडत नाहीत. इमिग्रेशन खात्याचा एआर-११ हा वेगळा फॉर्म, त्याची मुदत दहा दिवस. एक भरला म्हणजे दुसरा झाला असे धरू नका. पोस्टात पत्ता बदलून ठेवला म्हणून कोर्टाला तो कळत नाही.

तारखेला गैरहजर राहिलात तर तुमच्या पाठीमागे, त्याच दिवशी, देशाबाहेर काढण्याचा हुकूम होऊ शकतो. गंभीर आजारासारखे असाधारण कारण असेल, तर प्रकरण पुन्हा उघडण्याचा अर्ज १८० दिवसांत करावा लागतो. नोटीसच मिळाली नव्हती हे दाखवता आले तर मुदतीची अट नाही. २०२५ च्या कायद्याने आणखी एक भार टाकला आहे : गैरहजेरीत हुकूम झालेला माणूस नंतर पकडला गेला, तर ५,००० डॉलरची आकारणी. मे २०२५ पासून काही कोर्टांच्या आवारातच अटका झाल्या आहेत आणि त्या भीतीने लोक जायचे टाळतात. भीती खरी आहे, पण घरी बसणे हा त्यावरचा उपाय नाही. वकिलाला आधीच विचारा : सरकारी वकिलाने अचानक 'खटला मागे घेतो' म्हटले तर तुम्ही काय कराल? ऐकायला ही आनंदाची बातमी वाटते. प्रत्यक्षात खटला बंद होताच बाहेर अटक करून, न्यायाधीशासमोर न नेता झटपट परत पाठवण्याची प्रक्रिया लावल्याची प्रकरणे घडली आहेत. जाणता वकील अशा वेळी उत्तरासाठी वेळ मागतो.

आता वकील. इमिग्रेशन हा केंद्राचा कायदा, म्हणून अमेरिकेतल्या कोणत्याही एका राज्याची सनद चालते. टेक्सासमधल्या प्रकरणाला न्यू जर्सीचा वकील उभा राहू शकतो. मात्र प्रवासखर्च कोण देणार ते आधी ठरवा. सनद चालू आहे का ते त्या राज्याच्या बार असोसिएशनच्या वेबसाइटवर दोन मिनिटांत दिसते. कारवाई झालेल्या वकिलांची यादी कोर्टाचे खाते स्वतः जाहीर करते, तीही बघा. विनामूल्य किंवा माफक फीमध्ये काम करणाऱ्या संस्थांची यादीही कोर्टाकडूनच मिळते. या संस्थांमधले मान्यताप्राप्त प्रतिनिधी वकील नसले तरी, पूर्ण मान्यता असल्यास, कोर्टात उभे राहू शकतात. पुण्या-मुंबईतला व्हिसा कन्सल्टंट किंवा एडिसनमधला 'फॉर्म भरून देणारा' उभा राहू शकत नाही, मग पाटीवर काहीही लिहिलेले असो. त्याला दिलेले पैसे गेले, आणि त्याने चुकीचा अर्ज ठोकला तर प्रकरणही गेले.

सगळ्यात जास्त पैसा वाया जातो तो इथे : एच-१बी किंवा ग्रीन कार्डाचे अर्ज वर्षानुवर्षे भरणारा वकील कोर्टात तयार असेलच असे नाही. फॉर्म भरणे वेगळे, साक्ष घेणे वेगळे. म्हणून पहिल्या भेटीत असे विचारा : गेल्या वर्षभरात तुम्ही स्वतः किती अंतिम सुनावण्या चालवल्या? माझ्या न्यायाधीशांपुढे उभे राहिला आहात का? सुनावणीआधी माझी तयारी किती वेळा करून घेणार? सरकारी वकील उलटतपासणीत मला कशावर पकडेल? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर लगेच आणि नेमके आले, तर माणूस कामाचा आहे. 'काळजी करू नका, होऊन जाईल' असे आले तर उठा. निकालाची हमी देणाऱ्याकडे तर थांबूच नका.

फीचा अंदाज घ्या. शहर आणि प्रकरण यांवर आकडे बरेच हलतात. पहिला सल्ला साधारण १०० ते ४०० डॉलर, जामिनाची सुनावणी १,५०० ते ५,०००, आणि अंतिम सुनावणीपर्यंतचे पूर्ण प्रकरण ५,००० ते १५,००० किंवा त्याहून वर. बरेच वकील ठोक रक्कम सांगतात. त्या रकमेत काय धरले आहे ते करारात लेखी घ्या. किती तारखा, पुरावे गोळा करणे, साक्षीदारांची तयारी, भाषांतर, कुरिअर, तज्ज्ञाचा अहवाल, अपील. यातल्या शेवटच्या चार गोष्टी बहुधा बाहेर असतात, आणि बिल तिथेच फुगते. कुटुंबातल्या प्रत्येकाला वेगळी नोटीस असेल तर फी माणशी की प्रकरणाला, हेही विचारा.

वकील ईओआयआर-२८ भरून कोर्टात हजेरी लावतो. एकदा लावली की न्यायाधीशांच्या परवानगीशिवाय त्याला प्रकरण सोडता येत नाही. जामिनापुरती हजेरी मात्र वेगळी लावता येते. तेव्हा हजेरी कशासाठी लावली ते बघा, नाहीतर जामीन झाल्यावर मूळ खटल्यात तुम्ही एकटे असाल. पैसे फारच कमी असतील तर एक आडवाट आहे : फक्त कागद तयार करून देण्यापुरता वकील करता येतो, त्याचा फॉर्म ईओआयआर-६१. उभे मात्र तुम्हाला स्वतः राहावे लागते.

कोर्टाचे शुल्क वेगळे, आणि ते २०२५ च्या कायद्याने भडकले आहे. आश्रयाचा अर्ज पूर्वी फुकट होता. २०२५ च्या दराने आधी १०० डॉलर, आणि अर्ज प्रलंबित असेपर्यंत दर वर्षी पुन्हा १००, माफी नाही. अपिलाचे शुल्क ११० डॉलर होते, त्यात नव्या कायद्याने ९०० ची भर घातली. महागाईप्रमाणे हे आकडे दर वर्षी वाढण्याची तरतूद आहे, म्हणून भरण्याच्या दिवशीचा दर अधिकृत पानावरच बघा. ऐपत नसेल तर अपिलासाठी माफीचा अर्ज ईओआयआर-२६ए. अपिलाची मुदत 'तीस दिवस' अशी ऐकीव माहिती धरून चालू नका. न्यायाधीश निकालाच्या वेळी जी तारीख सांगतील ती तिथेच लिहून घ्या.

कागद बहुतेक गावाकडून येणार. ग्रामपंचायतीचा किंवा महापालिकेचा जन्मदाखला, शाळा सोडल्याचा दाखला, लग्नाचे प्रमाणपत्र, नातेवाइकांची प्रतिज्ञापत्रे. मराठी कागदाला पूर्ण इंग्रजी भाषांतर लागते आणि त्याखाली भाषांतरकाराची सही : मला दोन्ही भाषा येतात, भाषांतर खरे आणि अचूक आहे. दर पानाला साधारण २० ते ४० डॉलर. हाताने लिहिलेला शेरा आणि गोल शिक्कासुद्धा भाषांतरात आला पाहिजे. आपल्याकडे मधले नाव वडिलांचे, लग्नानंतर नवऱ्याचे. त्यामुळे एकाच बाईची तीन कागदांवर तीन नावे निघतात आणि सरकारी वकील तिथेच बोट ठेवतो. ही सगळी नावे एकाच व्यक्तीची आहेत, असे प्रतिज्ञापत्र आधीच करून ठेवा. अपोस्टिल, म्हणजे कागद परदेशात चालावा यासाठीचा सरकारी शिक्का, मिळवून द्यायला एजंट हजारो रुपये सांगतात, परराष्ट्र मंत्रालयाचे स्वतःचे शुल्क कागदामागे ५० रुपये आहे. तुमच्या प्रकरणात कोणत्या कागदाला ते लागणार, हे वकिलाला विचारूनच पैसे काढा. कोठडीत नसाल, तर अंतिम सुनावणीचे पुरावे साधारण ३० दिवस आधी दाखल व्हावे लागतात. न्यायाधीशांनी वेगळी तारीख दिली असेल तर ती पाळा. म्हणून गावाकडची धावपळ आजच सुरू करा.

कोर्टातला दुभाषी सरकारी खर्चाने मिळतो. मराठी बोलत असाल तर पहिल्या तारखेला 'मराठी' म्हणूनच नोंद करून घ्या. 'हिंदी चालेल' म्हणून वेळ मारून नेऊ नका, कारण साक्षीत एक तारीख किंवा एक नाते इकडचे तिकडे झाले की जबाबात विसंगती दिसते. वकिलाच्या ऑफिसातला दुभाषी मात्र तुमच्या खर्चाने.

माणूस कोठडीत असेल तर इमिग्रेशन पोलिसांच्या लोकेटरवर ए-नंबर आणि जन्मदेश टाकून ठिकाण शोधा. भारतीय वाणिज्य दूतावासाला कळवण्याचा त्याला हक्क आहे. दूतावासाकडच्या भारतीय समुदाय कल्याण निधीतून अडचणीतल्या नागरिकांना कायदेशीर मदत मिळू शकते, त्यासाठी लेखी मागणी करा. जामीन कायद्याने १,५०० डॉलरच्या खाली नसतो. तुम्ही पूर्ण रक्कम भरली आणि सगळ्या अटी पाळल्या, तर शेवटी ती व्याजासह परत मिळते. जामीन कंपनीला दिलेले कमिशन परत येत नाही. आणि व्हिसावर आलेला माणूस व सीमा चोरून ओलांडलेला माणूस यांचा जामिनाचा हक्क सारखा धरला जात नाही, त्यामुळे फी देण्यापूर्वी विचारा की न्यायाधीशांना जामीन देण्याचा अधिकार तरी आहे का.

लढण्यासारखे काही नसेल तर चांगला वकील तेही सांगतो. स्वेच्छेने देश सोडण्याची परवानगी सुरुवातीलाच मागितली तर १२० दिवसांपर्यंत, खटल्याच्या शेवटी मागितली तर ६० दिवसांपर्यंत मिळू शकते. शेवटी घेतली तर किमान ५०० डॉलरचे हमीपत्र लागते. बाहेर काढल्याचा हुकूम नावावर राहत नाही, हा मोठा फायदा. पण परवानगी घेऊन गेला नाहीत तर १,००० ते ५,००० डॉलर दंड, आणि दहा वर्षे अनेक सवलती बंद.

भारतातून पैसे पाठवणाऱ्यांसाठी : आर्थिक वर्षात १० लाख रुपयांच्या वर या कामासाठी रक्कम गेली की बँक वरच्या भागावर २० टक्के टीसीएस (आगाऊ वसूल केलेला आयकर) घेते. तो विवरणपत्रात वजा होतो किंवा परत मिळतो, पण तोपर्यंत पैसा अडकतो. शक्य तर रक्कम आई-वडिलांच्या वेगवेगळ्या पॅनवरून पाठवा. मधल्या ओळखीच्या माणसाकडे रोख देऊ नका. वकिलाच्या क्लायंट ट्रस्ट खात्यात थेट भरा, पावतीवर ए-नंबर लिहून घ्या आणि दाखल झालेल्या प्रत्येक कागदाची प्रत मागा. वकील प्रत द्यायला टाळाटाळ करत असेल, तर कोर्टाकडून तुमच्या प्रकरणाची पूर्ण नोंद स्वतः विनाशुल्क मागवता येते. ती वाचून दुसऱ्या वकिलाचा सल्ला घ्या, आणि हे पुढच्या तारखेच्या आधी करा.