भिंतीच्या पोटातील कपाट

जुन्नरजवळील लेण्याद्रीची सुमारे ३० लेणी इसवी सनाच्या पहिल्या ते तिसऱ्या शतकांत कोरली गेली. तेथील काही खोल्यांत भिक्षूंच्या शय्येचा ओटा खडक कोरतांनाच राखलेला आहे. तो बाहेरून आणलेला नाही. आपल्या जुन्या वाड्यांतही हीच दृष्टि दिसून येते. जाड भिंतींत दिव्यासाठी कोनाडा, भांड्यांसाठी फडताळ, धान्यासाठी बळद. जागा भिंतीने दिली, खोली मोकळी राहिली.

परंतु हल्लीची विटांची भिंत पातळ असते. तीत मागाहून कोनाडा फोडल्यास तिचे बळ जाते व घरास धोका पोहोचतो. म्हणून काय कोठे ठेवावयाचे, हे घर बांधण्यापूर्वीच ठरवावे. आणि गवंड्याने प्रथम घरच्या गृहिणीस विचारावे, कारण फडताळाची उंची तिच्याच हातास पुरावयाची असते.