साधनवर्णन कसे लिहावे? पांढुर्णा-सौंसरच्या उदाहरणावरून एक पाठ

शासकीय माहिती नागरिकांपर्यंत पोहोचविण्यासाठी कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणाऱ्या साहाय्यकांचा उपयोग वाढत आहे. पंतप्रधान किसान सन्मान निधी योजनेविषयीच्या शंकांचे निरसन करणारा ‘किसान ई-मित्र’ केंद्र शासनाने २०२३ मध्ये सुरू केला. संभाषणाबरोबरच अभिलेख शोधणे, बाजारभाव पाहणे अशी कामेही साहाय्यकाने करावयाची असल्यास त्याच्या हाती निरनिराळी साधने द्यावी लागतात. अशा साहाय्यकास एजंट म्हणतात. प्रत्येक साधनासोबत त्याचे लेखी वर्णन असते. ते कसे असावे, याचा विचार प्रस्तुत पाठात करावयाचा आहे.

वर्णनाचे महत्त्व

साधनाच्या आत काय चालते हे एजंटास दिसत नाही. साधनाचे नाव, त्याचे वर्णन आणि पुरवावयाच्या माहितीची यादी एवढेच त्याच्यापुढे असते. त्यावरूनच तो साधन निवडतो, माहिती भरतो आणि आलेल्या उत्तराचा अर्थ लावतो. नवा लिपिक अडला तर शेजारच्या मेजावरील सहकाऱ्यास विचारतो. एजंटास ती सोय नाही. म्हणून जे वर्णनात लिहिलेले नाही, ते त्याच्या दृष्टीने अस्तित्वातच नाही.

सीमाभागातील उदाहरण

१ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली, तेव्हा विदर्भातील जिल्हे मुंबई राज्यात गेले. छिंदवाडा जिल्ह्यातील पांढुर्णा व सौंसर हा संत्र्याच्या बागांचा मराठीभाषी प्रदेश मध्य प्रदेशातच राहिला. ऑक्टोबर २०२३ मध्ये याच दोन तहसिलींचा मिळून पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला.

या भागातील शेतकऱ्याने मराठीत विचारले, “माझ्या शेताचा उतारा पाहिजे.” एजंटाजवळील एका साधनाचे वर्णन आहे : ‘जमिनीचा उतारा देते.’ प्रश्न मराठीत, शब्द ‘उतारा’. तेव्हा एजंट महाराष्ट्राच्या सातबाऱ्यात शोध घेणार हे उघड आहे. परंतु सातबारा म्हणजे महाराष्ट्रातील गाव नमुना ७ व १२. मध्य प्रदेशात त्या कामी खसरा व बी-१ हे अभिलेख लागतात. शोध निष्फळ ठरून ‘आपल्या नावे जमीन आढळत नाही’ असे उत्तर मिळाले, तर कर्जाच्या वा पीकविम्याच्या कागदपत्रांसाठी आलेल्या शेतकऱ्याचे काम अकारण अडते. येथे साधनात बिघाड नाही. उणीव वर्णनात आहे.

सुधारलेले वर्णन

हेच वर्णन पुढीलप्रमाणे लिहिता येईल :

‘केवळ महाराष्ट्र राज्यातील जमिनीचा सातबारा उतारा मिळविण्यासाठी हे साधन वापरावे. जिल्हा, तालुका, गाव व गट क्रमांक ही माहिती आवश्यक आहे. मध्य प्रदेशातील जमिनीसाठी हे साधन वापरू नये. त्यासाठी खसरा व बी-१ देणारे साधन वापरावे. प्रश्नाच्या भाषेवरून राज्य ठरवू नये. राज्य स्पष्ट नसल्यास नागरिकास विचारावे. “नोंद सापडली नाही” या उत्तराचा अर्थ जमीन नाही असा घेऊ नये. दिलेली माहिती पुन्हा तपासावी.’

ध्यानात ठेवावयाच्या बाबी

१. साधन काय करते, याबरोबरच ते केव्हा वापरू नये हेही लिहावे. दोन साधने सारखी भासत असतील तर त्यांतील भेद दोन्ही वर्णनांत नमूद करावा.

२. स्थलनामांबाबत संदिग्धता ठेवू नये. सौंसर पांढुर्णा जिल्ह्यात आहे. त्याच मार्गावरील सावनेर नागपूर जिल्ह्यात आहे. ऐकताना नावांची गल्लत होऊ शकते.

३. कालमर्यादा सांगावी. पांढुर्णा जिल्हा होण्यापूर्वीची कागदपत्रे छिंदवाडा जिल्ह्याच्या नावे आहेत. साधन जुन्या नावाने शोधते की नव्या, हे वर्णनात असावे.

४. लोकांच्या बोलण्यातील शब्द द्यावेत. उतारा, नकल, सातबारा, खसरा यांपैकी कोणता शब्द कोणत्या अभिलेखास लागू आहे, हे स्पष्ट करावे.

५. उत्तराचे एकक आणि अपयशाचा अर्थ सांगावा. क्षेत्र हेक्टरमध्ये आहे की एकरात, हे न कळल्यास आकडा बरोबर असूनही उत्तर चुकते.

तथापि वर्णन विनाकारण लांबवू नये. निवड करण्यास किंवा उत्तर समजण्यास जे वाक्य साहाय्य करीत नाही, ते गाळावे.

पडताळणी

वर्णन लिहून झाल्यावर नागरिक विचारतात त्याच शब्दांत, मराठीत व हिंदीत, प्रश्न घालून पाहावेत. एजंटाने चुकीचे साधन निवडल्यास प्रथम वर्णनाचे कोणते वाक्य त्यास कारणीभूत झाले, ते शोधावे आणि दुरुस्तीनंतर तेच प्रश्न पुन्हा विचारावेत.

स्वाध्याय

‘संत्र्याचा बाजारभाव सांगते’ हे वर्णन पुन्हा लिहा. बाजारपेठ कोणत्या राज्यातील, भाव कोणत्या दिवसाचा, दर क्विंटलचा की अन्य मापाचा, किमान, कमाल की सर्वसाधारण, आणि त्या दिवशी आवक नसल्यास काय उत्तर मिळेल, या पाच प्रश्नांची उत्तरे त्यात आली पाहिजेत.