'सिंकपी' आणि मूर्च्छा : एक शब्दविचार

रुग्णालयातून परतलेल्या रुग्णाच्या कागदांवर 'सिंकपी' हे निदान पुष्कळदा आढळते. श्रीरामपूर परिसरातील वैद्यबंधुभगिनींना त्याचा नेमका अर्थ अवगत असावा, म्हणून आम्ही हा विचार मांडत आहोत.

हा शब्द मूळ ग्रीक असून लॅटिनमार्गे इंग्रजीत आला. 'सिन्' म्हणजे एकत्र व 'कोप्तेइन' म्हणजे कापणे. व्याकरणातही शब्दामधील ध्वनी गळण्यास हीच संज्ञा आहे. 'कापूस'चे 'कापसाला' होताना 'ऊ' गळतो, तसे. दोषांच्या 'कोपा'शी मात्र त्याचा संबंध नाही. मेंदूचा रक्तपुरवठा अल्पकाळ घटून शुद्ध हरपणे व ती आपोआप परतणे, हा त्याचा वैद्यकीय अर्थ होय.

आपल्या 'मूर्च्छ्' धातूस धातुपाठात मोह आणि समुच्छ्राय, म्हणजे वाढणे, असे दोन अर्थ आहेत. चरकसंहितेत सूत्रस्थानाच्या 24व्या अध्यायात मद, मूर्च्छा व संन्यास उत्तरोत्तर बलवान सांगितले आहेत. पहिले दोन दोषवेग ओसरताच शमतात. संन्यास औषधावाचून शमत नाही. म्हणून सिंकपीस मूर्च्छा म्हणावे, संन्यास नव्हे.

तथापि शुद्ध परतली म्हणजे धोका टळला, असे नाही. उसाच्या फडात श्रम करताना, पडून असताना अथवा छातीत धडधडून आलेली मूर्च्छा केवळ उन्हाची समजू नये. तिचे मूळ हृदयात असू शकते. अशा रुग्णाचा इ.सी.जी. त्वरित काढावा व त्यास हृदयरोगतज्ज्ञाकडे पाठवावे.