पंख्याला हुकूम कोण देतं?

मित्रहो, एप्रिल-मे मधल्या दुपारी होस्टेलच्या खोलीत पीसी चालू केला की पंखा कसा घोंघावतो, हे मी सांगायला नको. त्यात आपलं किकवी पुणे-सातारा हायवेवर, म्हणजे धुळीचा तोटा नाही! "गरम झालं की पंखा जोरात फिरतो" एवढं सगळ्यांनाच माहीत असतं. पण गरम झालं हे कळतं कोणाला? वेग मोजतं कोण? आणि मुख्य म्हणजे हुकूम कोण देतं? लिनक्समध्ये हे सगळं कोड उघडं असल्यामुळे उत्तर शोधता येतं. मी शोधलं, त्याचाच हा लेख.

थोडा इतिहास

मदरबोर्डवर तापमान, व्होल्टेज आणि पंख्याचा वेग मोजणारी एक चिप असते. नॅशनल सेमीकंडक्टर कंपनीची एलएम ७८ ही अशीच एक जुनी चिप. तिच्याच नावावरून १९९८ च्या सुमारास 'एलएम-सेन्सर्स' हा प्रकल्प उभा राहिला. पुढे डिसेंबर २००३ मध्ये २.६ कर्नेल आलं, त्यात हे ड्रायव्हर कर्नेलमध्येच सामील झाले आणि २००५ मध्ये त्यांना 'एचडब्ल्यूमॉन' नावाचा स्वतंत्र विभाग मिळाला. हार्डवेअर मॉनिटरिंगचं हे लघुरूप.

या ड्रायव्हरची गंमत अशी की तो प्रत्येक मोजमापाची एक साधी फाइल करून देतो. 'टेम्प१_इनपुट' वाचा, तापमान मिळेल. तेही एक अंशाच्या हजाराव्या भागात. ४७००० आलं तर घाबरू नका, ते ४७ अंश सेल्सिअस आहे. 'फॅन१_इनपुट' मध्ये मिनिटाचे फेरे. 'पीडब्ल्यूएम१' मध्ये ० ते २५५ आकडा लिहिला की पंख्याचा जोर बदलतो. (नावं इथे देवनागरीत दिली आहेत, टाइप करताना रोमनच!)

फेरे मोजतात कसे?

पंख्याची टॅकोमीटरची वायर एका फेऱ्याला दोन पल्स देते. जुन्या चिपमध्ये २२.५ किलोहर्ट्झचं घड्याळ असतं आणि एका फेऱ्यात त्याचे किती ठोके पडले ते चिप मोजते. आता गणित बघा. पंखा मिनिटाला १५०० फेरे घेतोय, म्हणजे एका फेऱ्याला ४० मिलिसेकंद, म्हणजे ९०० ठोके. पण काउंटर ८ बिटांचा, २५५ च्या पुढे जातच नाही! म्हणून ठोक्यांना भागतात. भाजक ४ असेल तर ९०० चे २२५ होतात आणि ड्रायव्हर १३,५०,००० भागिले (२२५ गुणिले ४) करून बरोबर १५०० दाखवतो. भाजक २ असेल तर ४५० होतात, काउंटर भरून जातो आणि ड्रायव्हर सांगतो वेग शून्य! म्हणजे पंखा डोळ्यासमोर फिरतोय आणि स्क्रीनवर ०. तेव्हा शून्य दिसलं की लगेच नवा पंखा आणायला पुण्याला पळू नका. आधी कॅबिनेट उघडून बघा.

सुरू होणं वेगळं, चालू राहणं वेगळं

चार वायरच्या पंख्याला वेगाचा हुकूम सेकंदाला सुमारे २५ हजार वेळा चालू-बंद होणाऱ्या सिग्नलने जातो. २५५ म्हणजे सतत चालू, १२८ म्हणजे जवळपास अर्धा वेळ.

इथे एक मेख आहे. बंद पडलेली गाडी ढकलताना पहिला धक्का जोरात लागतो, एकदा चाकं फिरली की हलक्या हातानेही ती जाते. पंख्याचं तसंच. माझ्या जुन्या डेस्कटॉपवरचा पंखा आकडा कमी करत नेला तर ९० च्या आसपास थांबायचा, पण थांबलेला पंखा पुन्हा हलवायला ११५ तरी लागायचे. 'फॅनकंट्रोल' या स्क्रिप्टमध्ये म्हणूनच हे दोन आकडे वेगवेगळे द्यावे लागतात.

बाकी हिशोब सरळ रेषेचा. समजा ४० अंशाला आकडा १०० आणि ७० अंशाला २५५ ठरवला. मग ५५ अंशाला, म्हणजे बरोबर मधोमध, १७७ येतो. स्क्रिप्ट दर थोड्या सेकंदांनी तापमान वाचते आणि नवा आकडा लिहिते.

हुकूम देणारा मेला तर?

आता खरा मुद्दा. ड्रायव्हर फक्त मोजतो आणि सांगितलेला आकडा चिपला कळवतो. ठरवणारा तो नाही! स्क्रिप्ट नीट बंद केली तर ती जाताना पंखा पूर्वीच्या पद्धतीवर सोडते, ते जमलं नाही तर २५५ वर. पण 'किल -९' ने मारली, किंवा मशीनच हँग झालं, तर निरोप घ्यायलाही वेळ नसतो. चिपमध्ये शेवटचा आकडा तसाच राहतो. तो १०० असेल तर प्रोसेसर तापला तरी पंखा आपला १०० वरच डुलतोय!

प्रोसेसर जास्त तापला की स्वतःचा वेग कमी करतो आणि शेवटी मशीन बंद पाडतो, हे खरं. पण शेजारची हार्ड डिस्क आणि कपॅसिटर यांना अशी सोय नसते. ती उष्णता निमूट सोसतात आणि त्यांचं आयुष्य घटतं.

आपल्याकडे विहिरीवरच्या मोटारीला स्टार्टर असतो. भार वाढला की त्यातला ओव्हरलोड रिले ट्रिप होतो. मालक घरी जेवतोय की एसटीने भोरला गेलाय, हे तो विचारत बसत नाही. चिपमध्येही अशी सोय आहे. 'पीडब्ल्यूएम१_इनेबल' मध्ये १ म्हणजे हुकूम आपला. २ किंवा त्याहून मोठा आकडा म्हणजे चिप स्वतः तापमान बघून ठरवणार (कोणता आकडा कशासाठी, ते त्या ड्रायव्हरच्या माहितीत असतं). मग लिनक्स हँग झालं तरी पंखा शहाण्यासारखा वागतो.

यंत्र लहान असो वा मोठं, प्रश्न तोच. पुण्यात पाषाणच्या आयसरमध्ये २०१९ साली 'परम ब्रह्म' हा महासंगणक बसवला, तिथे उष्णता थेट द्रवाने वाहून नेतात. पण तिथेही कोणीतरी मोजावं लागतंच.

करून पाहायचं असेल तर

१) आधी नुसतं वाचा. 'सेन्सर्स' कमांड दिवसभरात तीन-चारदा चालवून आकडे वहीत लिहा.
२) 'सेन्सर्स-डिटेक्ट' चे प्रश्न वाचून मगच उत्तर द्या. आयबीएमच्या काही जुन्या थिंकपॅडमध्ये अशा चाचपणीने ईईप्रॉममधली माहिती बिघडत असे. म्हणून कर्नेलमधला एक ड्रायव्हर आयबीएमचं मशीन दिसलं की चालायलाच नकार देतो.
३) पंख्याचा आकडा बदलण्याआधी मूळ आकडा टिपून ठेवा.
४) लॅबच्या मशीनवर प्रयोग नको. सरांची परवानगी असेल तरच.
५) सगळ्यात आधी ब्रशने धूळ काढा! जाळी तुंबलेली असेल तर २५५ लिहूनही उपयोग नाही.

मित्रहो, उद्या आपल्यापैकी कोणी बॉयलरचा कंट्रोलर लिहील, कोणी लिफ्टचा. तेव्हा "माझा प्रोग्राम काय करतो?" याबरोबर "माझा प्रोग्राम मेला तर काय होतं?" हेही विचारायचं. पंखा स्वस्तातला असो की कारखाना कोटींचा, उत्तर आधी तयार पाहिजे.