गाडीच्या मेमरीतले पाठभेद

पाठभेद हा शब्द आपण वर्गात शिकतो तो पोथ्यांच्या संदर्भात. मला तो नीट समजला छत्रीबागेत, आमच्या गल्लीतल्या एका दादांकडे. ते गाड्यांचे ईसीयू, म्हणजे इंजिन सांभाळणारे छोटे कॉम्प्युटर, दुरुस्त करतात.

ईसीयूचा मूळ प्रोग्राम एका मेमरीत असतो. किल्लीची ओळख, चासी नंबर अशा त्या एकाच गाडीच्या गोष्टी बहुधा वेगळ्या मेमरीत, ईईप्रॉममध्ये. जुन्या गाड्यांत दिसणारी ९३सी५६ ही चिप फक्त २५६ बाइटची! देवनागरीचं एक चिन्ह साधारण ३ बाइट घेतं, तेव्हा त्यात जेमतेम एखादी ओवी मावेल. बॅटरी उतरलेली असताना गाडी स्टार्ट करायला गेलं आणि नेमकं तेव्हाच चिपवर काही लिहिलं जात असलं, तर अर्धं जुनं, अर्धं नवं असं काहीतरी उरतं.

हे ओळखायला चेकसम असतो. सोप्या प्रकारात सगळ्या बाइटची बेरीज करून ती आधी साठवलेल्या बेरजेशी ताडून बघतात. जुळली नाही की स्कॅनरवर पी०६०१ सारखा कोड येतो. पण चूक आहे एवढंच बेरीज सांगते. कुठे आहे ते नाही. शिवाय २५ आणि ४० यांनी जागा बदलल्या तरी बेरीज तीच! (हिब्रू बायबलच्या नकला करणारे मासोरेती विद्वान वचनं मोजून नोंदवत. त्या मोजणीलाही ही अडचण होतीच.) म्हणून सीआरसी नावाची पद्धत बाइटचा क्रमही धरते.

खरं काम पुढे. दादा चिप दोनदा वाचतात, दोन्ही वाचनं जुळली तरच पुढे जातात, आणि बिघडलेली प्रतसुद्धा जशीच्या तशी जपून ठेवतात. महत्त्वाची माहिती पुष्कळदा चिपमध्येच दोन-तीन ठिकाणी लिहिलेली असते. त्या प्रती शेजारी ठेवून बघायच्या. त्याच मॉडेलच्या दुसऱ्या गाडीचा डेटा रचना समजायला चालतो, पण सगळाच ओतला तर किल्लीची ओळखही परकी येते आणि गाडी स्टार्ट होत नाही.

पाठांतरांनी बिघडलेली ज्ञानेश्वरी एकनाथांनी शके १५०६ मध्ये शुद्ध केली, आणि तिच्यात कुणी आपली ओवी घालू नये असं बजावलं. इथेही मोह तोच. मनाने बाइट भरायचे, चेकसम नव्याने काढायचा. ईसीयू गप्प बसतो, चूक आत राहते. एअरबॅगच्या मॉड्यूलमध्ये हे कुणी केलं तर? अपघाताची नोंद पुसता येते, पण म्हणून पुढच्या वेळी एअरबॅग उघडेलच याची खात्री मिळत नाही. दादा ते काम घेत नाहीत.

कधीकधी तीन प्रती तीन गोष्टी सांगतात. मग दादा नवीन मॉड्यूल घ्यायला सांगतात, आणि गिऱ्हाईक कुरकुरतं.